बटन दाबले की शिपाई गायब!



गेल्या पंधरवड्यात बरीच पत्रे आली. हरभऱ्यावरच्या मर रोगाची, गाभण शेळीच्या खुराकाची आणि नेहमीप्रमाणे विहिरीच्या अनुदानाची. त्यांची उत्तरे पुढच्या अंकात देतो. आज एका वेगळ्याच पत्राला सगळी जागा द्यायची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका भगिनीने ते वहीच्या पानावर लिहिले आहे. त्या लिहितात:

"साहेब, तुम्ही कापसापासून कोंबड्यांपर्यंत सगळे समजावून सांगता, म्हणून विचारते. माझा धाकटा भरतीची तयारी करतो. पहाटे उठून डांबरी रस्त्याने पळतो. रात्री मात्र मोबाईलवर लढाईचे खेळ नाहीतर परदेशी सिनेमे बघत बसतो. त्यात शिपाई मनगटावरचे बटन दाबतो आणि दिसेनासा होतो. हा म्हणतो, आई, आता खास कमांडो लोकांना असाच कपडा मिळणार. शिपाई दिसलाच नाही तर गोळी कुणावर मारणार? साहेब, असा कपडा खरेच असतो का? असला तर माझा जीव भांड्यात पडेल."

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. मी शेतकीचा पदवीधर, फौजेतला माणूस नव्हे. पण लपून बसणाऱ्यांशी माझी तीस वर्षांची ओळख आहे. पानाच्या रंगाची अळी, सालीच्या रंगाचा पतंग, काडीसारखा दिसणारा किडा, या मंडळींच्या मागे माझी सगळी नोकरी गेली. म्हणून उत्तर द्यायचे धाडस करतो.

गोष्टीतला अदृश्य शिपाई

आधी चिरंजीव काय बघतो ते पाहू. ही कल्पना त्याच्या मोबाईलपेक्षा फार जुनी आहे. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १८९७ साली अदृश्य माणसाची एक कादंबरी लिहिली. त्यातला ग्रिफिन नावाचा मनुष्य प्रयोग करून स्वतःला अदृश्य करतो. पण कपडे काही अदृश्य होत नाहीत, म्हणून त्याला लंडनच्या थंडीत उघडे फिरावे लागते. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसत राहते. कुत्र्यांना त्याचा वास येतो. आणि चिखलात भरलेले पाय घेऊन तो पायऱ्या चढतो, तेव्हा माणूस दिसत नाही पण अनवाणी पावले मात्र उमटतात. रस्त्यावरची पोरे ती पावले बघून त्याच्या मागे लागतात.

पुढे १९८७ साली एकाच वर्षी दोन सिनेमे आले. एक आपला 'मिस्टर इंडिया'. मी तेव्हा बारावीला होतो. तालुक्याच्या टॉकीजमध्ये आम्ही तो उभ्याने पाहिला. मनगटावरचे यंत्र चालू केले की नायक गायब होतो. पण लाल उजेड पडला, किंवा लाल काचेतून पाहिले, की तो दिसतो. दुसरा अमेरिकेतला 'प्रीडेटर'. त्यात परग्रहावरचा एक शिकारी घनदाट जंगलात उतरतो आणि निवडक, कसलेल्या सैनिकांच्या तुकडीला एकेक करून टिपतो. त्याच्या अंगावरचे यंत्र प्रकाशाला वाकवते. त्यामुळे त्याच्या आरपार मागची झाडे दिसतात. फक्त उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरते ना, तशी थरथर तेवढी दिसते.

या सिनेमातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. तो शिकारी माणसाला रंगावरून ओळखत नाही, अंगातल्या उष्णतेवरून ओळखतो. शेवटी उरलेला एकटा सैनिक जीव वाचवताना नदीकाठच्या चिखलात लडबडतो. अंगावर ओला गार चिखल आल्यामुळे उष्णता झाकली जाते. शिकारी अगदी जवळ येऊन उभा राहतो, पण त्याला माणूस काही दिसत नाही. आणि त्याच वेळी पाण्यात भिजल्यामुळे शिकाऱ्याचे स्वतःचे यंत्र बिघडते. परग्रहावरच्या विद्येला चिखल पुरून उरला!

जपानात १९८९ साली मासामुने शिरो यांची 'घोस्ट इन द शेल' ही चित्रकथा आली आणि १९९५ साली तिच्यावर सिनेमा निघाला. त्यातल्या खास पोलीस पथकाकडे डोळ्यांपासून आणि उष्णता टिपणाऱ्या यंत्रापासूनही लपवणारे आवरण आहे. तिथेही उथळ पाण्यातल्या मारामारीत माणूस दिसत नाही, पण उडणारे पाणी दिसते. तुमचा मुलगा खेळत असेल तसल्या खेळांपैकी 'क्रायसिस' हा २००७ साली आला. त्यातल्या खास सैनिकाचा पोशाख त्याला अदृश्य करतो, पण पोशाखातली शक्ती भराभर संपते. स्वस्थ बसला तर थोडा वेळ टिकते, पळाला तर लगेच उतरते.

आता ध्यानात घ्या. या सगळ्या कल्पित कथा आहेत. लेखकाला कोण अडवणार? त्याने मनात आणले असते तर शिपाई कायमचा गायब केला असता. पण एकानेही तसे केले नाही. कुठे लाल काच, कुठे पाणी, कुठे चिखल, कुठे पाऊलखूण. प्रत्येकाने पकडले जाण्याची एक फट ठेवली. गोष्ट रंगावी म्हणून ठेवली असेल, पण निसर्गाचा नियमही तोच आहे. लपलेला दिसत नाही तो पाहणाऱ्याच्या एका विशिष्ट नजरेला. नजर बदलली की तो सापडतो.

निसर्गातले बहुरूपी

आजूबाजूच्या रंगात मिसळून जाण्याला कॅमोफ्लाज म्हणतात. जागा बदलेल तसा रंग बदलणारा कॅमोफ्लाज हा त्याच्या पुढचा प्रकार. शास्त्रज्ञांनी ही कल्पना निसर्गाकडूनच उचलली.

पहिला उस्ताद म्हणजे समुद्रातला ऑक्टोपस आणि त्याचा भाऊबंद कटलफिश, म्हणजे आपल्या कोकणातला माकूळ. यांच्या कातडीत रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती स्नायू असतात. स्नायूंनी पिशवी ताणली की रंग पसरतो, सैल सोडली की रंगाचा ठिपका होतो. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. गंमत म्हणजे या प्राण्यांपैकी बहुतेकांना आपल्यासारखे रंग ओळखता येत नाहीत. तरी ते भोवतालात असे मिसळतात की मासा फसतो.

दुसरा आपल्या ओळखीचा, घोयरा सरडा. त्याच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातले अंतर कमीजास्त झाले की अंगावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली हे उलगडून दाखवले. पण आपण समजतो तसा हा गडी केवळ लपण्यासाठी रंग बदलत नाही. प्रतिस्पर्ध्याला धमकावणे, मादीला खूण करणे, अंग तापवणे किंवा निववणे, यासाठीही तो रंग बदलतो. म्हणजे पुष्कळदा तो उठून दिसण्यासाठीच रंग बदलतो!

तिसरा तर तुमच्या परड्यातच असेल. लिंबाच्या झाडावरची पाने खाणारी अळी बघा. लहान असते तेव्हा काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा डाग. हुबेहूब पाखराची विष्ठा. विष्ठा खायला कोणते पाखरू येईल? मोठी झाली की मात्र ते सोंग चालत नाही. एवढी मोठी विष्ठा कुठली? मग ती कात टाकते आणि पानासारखी हिरवीगार होते. पुढे कोष करते तोही बहुधा जागा बघून, हिरव्या फांदीवर हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी. ना बॅटरी, ना बटन.

माणसाने काय काय करून पाहिले

आता खऱ्या प्रयोगांकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक समुद्रात जर्मन पाणबुड्यांनी उच्छाद मांडला होता. विमान येताना दिसले की पाणबुडी बुडी मारून निसटायची. विमानाला कोणताही रंग दिला तरी उजळ आकाशापुढे ते काळा ठिपका दिसायचे, कारण समोरची बाजू सावलीत असते. मग १९४३ साली अमेरिकी नौदलाने एक उफराटी युक्ती केली. विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला दिवे बसवले आणि त्यांचा उजेड मागच्या आकाशाइतकाच ठेवला. दिवे लावून लपणे! एरवी १२ मैलांवरून दिसणारे विमान सुमारे ३,००० यार्डांवर, म्हणजे पावणेतीन किलोमीटरवर येईपर्यंत दिसेना. पण ही युक्ती प्रत्यक्ष लढाईत उतरलीच नाही. तोवर रडार आले होते, आणि रडारला उजेडाशी काय कर्तव्य?

पुढे २००३ साली टोकियो विद्यापीठाचे प्राध्यापक सुसुमु ताची यांनी एक झगा दाखवला. झगा घातलेल्या माणसाच्या आरपार मागचा रस्ता दिसायचा. त्यात जादू अशी की मागचे चित्र कॅमेऱ्याने घ्यायचे आणि ते प्रोजेक्टरने पुढून झग्यावर पाडायचे. झग्याचे कापड उजेड आला त्याच वाटेने परत पाठवणारे. पण हा चमत्कार ठरावीक जागी डोळा लावला तरच दिसतो. दोन पावले बाजूला सरकलात की खेळ संपला.

ही अडचण घरच्या घरी समजून घ्या. पोराला बांधावर उभे करा. तुम्ही डावीकडे उभ्या राहिलात तर त्याच्या पाठीमागे आंब्याचे झाड दिसेल. उजवीकडे गेलात तर विहीर दिसेल. आता पोराच्या अंगावरच्या कपड्याने काय दाखवायचे, आंबा की विहीर? एकाला आंबा दाखवला तर दुसऱ्याला विहिरीच्या जागी आंबा दिसणार. शत्रू तर चारी बाजूंनी बघत असतो.

दुसरी अडचण उजेडाची. भर दुपारी शेतात मोबाईलचा पडदा दिसतो का? हाताने सावली करावी लागते. कपड्याला उन्हाइतका लख्ख उजेड दाखवायचा तर वीज किती लागेल? ती बॅटरी शिपायाने पाठीवर वाहायची. आणि बॅटरी चालली की तापते, हे मोबाईल हातात धरणाऱ्याला सांगायला नको.

तापली की तिसरी अडचण उभी राहते. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. रात्री रान थंड होते, आणि उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणीतून गार रानात उबदार माणूस लावलेल्या दिव्यासारखा दिसतो. ही उष्णता झाकता येते, पण नाहीशी करता येत नाही. सिनेमातला चिखलसुद्धा थोडाच वेळ कामाचा. तो अंगाच्या उबेने तापतो आणि मग उष्णता बाहेर दिसू लागते. उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण किती वेळ दाबून धराल?

२००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. कल्पना इंग्लंडचे शास्त्रज्ञ जॉन पेंड्री यांची. पाटाच्या पाण्यात दगड ठेवला तर पाणी दोन्ही अंगांनी वळून पुढे पुन्हा एक होते. तशाच लहरी एखाद्या वस्तूभोवती वळवून पुढे जुळवायच्या. त्यांनी तांब्याच्या एका लहान नळकांड्याभोवती हे करून दाखवले. पण त्या लहरी होत्या मायक्रोवेव्ह जातीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. तिला वळवणारी वीण त्याहून बारीक हवी. अख्ख्या माणसाचा सदरा तसा विणणे अजून साधलेले नाही.

आणि सगळ्यात मजेची गोष्ट स्वीडनची. बीएई सिस्टिम्स या कंपनीच्या तिथल्या शाखेने २०११ साली एक रणगाडा दाखवला. त्याच्या अंगावर मधाच्या पोळ्याच्या घरांसारख्या सहा कोनी फरशा. एकेक सुमारे १४ सेंटिमीटरची. विजेच्या साह्याने प्रत्येक फरशी हवी तशी गार किंवा गरम करता येते. मग रात्री उष्णतेच्या दुर्बिणीतून पाहणाऱ्याला रणगाडा दिसत नाही, भोवतालचे रानच दिसते. किंवा फरशा तशा तापवल्या तर दिसते साधी मोटारगाडी. आणि मंडळी, गायसुद्धा! रणगाड्याने गायीचे सोंग घ्यायचे! पण उजाडल्यावर साध्या डोळ्यांनी पाहिले तर तो रणगाडाच दिसतो. शिवाय एवढी वीज रणगाड्याच्या इंजिनाला परवडते, माणसाच्या पाठीला नव्हे. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ती अशी.

माती, गोणपाट आणि एक महागडी चूक

मग खरोखरीचे कसलेले सैनिक लपतात कसे? ऐकाल तर आश्चर्य वाटेल.

पूर्वी इंग्रजांचे शिपाई तांबडा कोट घालून लढायचे. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन नावाच्या अधिकाऱ्याने 'गाइड्स' ही तुकडी उभी केली. धुळीच्या मुलखात धुळीचाच रंग बरा, हे ओळखून तिच्या अंगावर लवकरच मातकट कपडे आले. खाक म्हणजे धूळ, माती. त्यावरून खाकी. आज पोलिसाच्या अंगावर दिसते त्या खाकीचा जन्म लपण्यासाठी झाला.

दुसरे उदाहरण स्कॉटलंडचे. तिथे शिकारीला मदत करणाऱ्या रानातल्या गड्यांना 'घिली' म्हणत. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी अशाच रानमाणसांची लोव्हॅट स्काउट्स ही तुकडी निघाली. त्यांच्या नावाचा 'घिली सूट' आजही जगभरचे निष्णात नेमबाज वापरतात. तो कशाचा असतो? जाळीवर बांधलेल्या गोणपाटाच्या चिंध्या, सुतळी आणि ज्या रानात बसायचे तिथलेच गवत-पाला. जागा बदलली की पाला बदलायचा. रंग बदलणारा पोशाख म्हणतात तो हाच. फक्त बदलणारा हात माणसाचा.

आता चूक कशी होते तेही पाहा. अमेरिकेच्या सैन्याने २००४ साली एक नवा गणवेश आणला. राखी, हिरवट आणि वाळूच्या रंगाचे बारीक चौकोन. वाळवंट, जंगल, शहर, सगळीकडे चालेल असा एकच नमुना! अफगाणिस्तानच्या डोंगरांत तो उठून दिसू लागला. २०१० पासून तिथल्या सैनिकांना दुसरा नमुना द्यावा लागला, २०१५ पासून नवा गणवेश सुरू झाला आणि २०१९ साली जुना पार बंद झाला. आपण शेतकऱ्यांनी हे आधीच सांगितले असते. काळ्या रानाला आणि मुरमाड माळाला एकच वाण चालेल म्हणणाऱ्या बियाणेवाल्यावर कोण विश्वास ठेवतो?

आपल्या भूदलाचाही नवा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२ रोजी, सेनादिनी, दिल्लीच्या संचलनात दिसला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तो तयार झाला आणि पॅराशूट रेजिमेंटच्या कमांडोंनी तो घालून संचलन केले. हिरवट आणि मातकट रंगांची मिसळ, सुती आणि पॉलिस्टरच्या धाग्याची. चांगला, हलका, लवकर वाळणारा कपडा आहे. पण बटन नाही त्याला. असतात ती सदऱ्याचीच.

माझी स्वतःची चूक

आता एक कबुली देतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षीची गोष्ट. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हरभरा बघायला बोलावले. फुले सरून घाटे धरू लागले होते. मी नव्या बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावरच उभा राहिलो. समोर हिरवेगार रान. मी म्हणालो, "बाबा, पीक झकास आहे. काही करायची गरज नाही." पदवीधर साहेबांचा शब्द. त्यांनी मानला.

बारा-तेरा दिवसांनी पुन्हा गेलो. घाट्यांना भोके पडली होती. बाबा काही बोलले नाहीत. घरच्या आजी मात्र पुढे झाल्या. त्यांनी बाबांच्या खांद्यावरचा पांढरा पंचा ओढून घेतला, झाडाखाली पसरला आणि झाड हलवले. पंच्यावर सात-आठ घाटे अळ्या पडल्या. पानाइतक्याच हिरव्या, एक-दोन फिकट तपकिरी. झाडावर ज्या मला दिसल्या नव्हत्या, त्या पांढऱ्यावर दहा हातांवरून दिसल्या. आजी म्हणाल्या, "सायेब, त्या दिशी बी ह्या हितंच व्हत्या."

एकरी चार क्विंटलची आशा होती, दीड पदरात पडला. सोसायटीचे कर्ज पुढच्या सालावर गेले. त्यांनी मला चहा पाजला, दोष दिला नाही. तो चहा मला आजही कडू लागतो. तेव्हापासून माझ्या पिशवीत पांढरा पंचा असतो.

त्या दिवशी मला कळले ते असे. अळीने काही मोठे कसब केले नव्हते. तिने फक्त हिरव्यावर हिरवे राहून हालचाल केली नाही. बाकीचे काम माझ्या आळसाने केले. पाठीमागचा रंग बदलला आणि ती उघडी पडली. आजींचा पंचा म्हणजे मिस्टर इंडियातली लाल काचच की!

ताई, आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर

तुम्ही सरळ विचारले, मी सरळ सांगतो. बटन दाबले की माणूस दिसेनासा होईल असा कपडा आज जगातल्या कोणत्याही शिपायाच्या अंगावर नाही. प्रयोग चालू आहेत, चालू राहतील. उद्या एखादे आवरण थोडे अधिक लपवील, परवा त्याला शोधणारे यंत्र निघेल. कीड आणि औषध यांची शर्यत आपण पाहतोच, तशीच ही शर्यत. तेव्हा कपड्याच्या भरवशावर जीव भांड्यात पडावा असे मी तुम्हाला सांगू शकत नाही. खोटा दिलासा देण्याचा परिणाम मी एकदा पाहिला आहे.

पण दुसरी एक गोष्ट खरी आहे आणि ती मी खात्रीने सांगतो. शिपायाला सांभाळते ते त्याचे शिक्षण, शिस्त, बरोबरचे सोबती आणि त्याची नजर. तासन् तास न हलता पडून राहणे, कोणत्या रानात कोणता रंग चालतो हे ओळखणे, गवत कुठे दबले आहे, पाखरू अचानक का उडाले, सावली जागची का हलली, हे टिपणे. हे शिकवायला वेळ लागतो, आणि त्याचे पहिले धडे शेतकऱ्याच्या पोराला घरीच मिळतात. रात्री राखणीला बसलेल्या माणसाला रानडुक्कर दिसायच्या आधी कळते ना, तीच ही विद्या.

म्हणून चिरंजिवाला एक काम सांगा. सध्या हरभरा घाट्यावर आहे. सकाळी पळून आला की पांढरे फडके घेऊन त्याला रानात पाठवा. आधी झाडाकडे नुसते बघून अळ्या मोजायला सांगा. मग शेताच्या पाच-सहा ठिकाणी फडके पसरून झाडे हलवायला सांगा. दोन्ही आकडे वहीत लिहू द्या. पहिला आणि दुसरा आकडा यांतला फरक म्हणजे लपणाऱ्याची करामत आणि आपल्या नजरेची उणीव. आठ दिवस केले तर पहिला आकडा आपोआप वाढू लागेल. कुरतडलेले पान, ताजी विष्ठा, घाट्याला पडलेले भोक यांवरून अळी कुठे असेल ते त्याला न हलवता कळेल.

यात तुमच्या पिकाचाही लाभ आहे. ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन अळ्या सापडू लागल्या तर वाट बघू नका. शेतात इंग्रजी 'टी' अक्षरासारखे पक्षीथांबे रोवा. साळुंकी आणि कोतवाल यांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते. अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क किंवा घाटे अळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, संध्याकाळच्या वेळी फवारा. भागत नसेल तर जवळच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला रानात बोलवा. आणि तो बांधावरच उभा राहिला तर त्याच्या हातात फडके द्या.

मुलाला सिनेमा बघू नको म्हणून रागावू नका. मीही मिस्टर इंडिया पाहून आठवडाभर मनगटावर दोरा बांधून फिरलो होतो. फक्त भरतीपर्यंत रात्री दहाला मोबाईल तुमच्या उशाला ठेवून घ्या. पहाटे पळणाऱ्याला झोप हवी, आणि बारीक बघायचे तर डोळेही ताजे हवेत.

आठ दिवसांनी पुन्हा पत्र टाका. नुसत्या नजरेने किती सापडल्या आणि फडक्यावर किती पडल्या, दोन्ही आकडे कळवा. भरतीचा निकालही कळवा. मी वाट बघतो.